भोईर बाईंची खिडकी

भोईर बाई वर्गात इतक्या मोठ्यानं शिकवायच्या, की शेजारच्या वर्गात माझा विज्ञानाचा तास असला तर माझी पोरं प्रकाशाचं परावर्तन सोडून जर्मनी शिकून बाहेर पडायची. मी दोन-तीनदा भांडलेसुद्धा. म्हटलं, "बाई, जरा आवाज खाली घ्या हो, तुमच्याशी शर्यत लावून माझा घसा बसलाय." तर म्हणाल्या, "अगो वैशाली, मी नारपोलीची हाय. घराच्या दोन्ही अंगाला लूम. तिथं हळू बोलनारा मानूस उपाशी मरल." आणि ह्याच बाई, मीटिंगमध्ये हेडमास्तर समोर बसलेले असताना, टेबलाच्या त्या टोकावरून नुसते ओठ हलवून मला सांगायच्या की सरांनी शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलीत. आवाज बिलकूल नाही. मला हसू फुटायचं, बोलणी मी खायची, आणि बाई मान खाली घालून वहीत टिपणं काढत असायच्या. अस्सल बेरकी बाई!

ते ओठांचं बोलणं लूमवाल्यांचं, म्हणजे यंत्रमाग कामगारांचं. कारखान्यात खटखटाट असा असतो की कानात ओरडलं तरी कळत नाही, म्हणून कामगार लांबूनच ओठ आणि बोटं हलवून एकमेकांशी बोलतात. भिवंडीत हे काही नवल नाही. बाईंचे सासरे लूमवर होते. बाई शेलार गावाहून लग्न होऊन नारपोलीत आल्या आणि वर्षभरात ही विद्या शिकल्या. "मास्तरीन झाले ती मागनं, आधी मुकी झाले," असं स्वतःच सांगायच्या.

सुमन भोईर. ठेंगणी, काळीसावळी, ताठ बाई. अंबाड्यात गजऱ्याऐवजी खडू खोचलेला. डब्यात बारा महिने तांदळाची भाकरी आणि सुकट, आणि आम्ही नाकं मुरडली की आमच्याच डब्यांत वाढायच्या. इतिहास त्यांचा विषय, आणि त्यातही एका गोष्टीवर त्यांचा फार जीव: बर्लिनची भिंत. पुस्तकात तिला जेमतेम दोन ओळी. बाई त्या दोन ओळींवर आठवडा काढायच्या. फळ्यावर शहराचा नकाशा काढायचा, मधून खडूची जाड रेघ ओढायची, आणि सांगायचं, एका रविवारी लोक सकाळी उठले तर रस्त्यात काटेरी तार. आधी तार, मग वीट. मग विटेच्या मागे आणखी एक भिंत, मधल्या पट्ट्यात कुत्रे, पहारेकरी, बंदुका.

त्यातही एक रस्ता होता. त्या रस्त्यावरची घरं एका देशात आणि घरापुढचा फुटपाथ दुसऱ्या देशात. म्हणजे घरंच भिंत झाली. लोक खिडकीतून पलीकडे उड्या मारायला लागले, खाली माणसं चादरी धरून उभी. कुणी वाचलं, कुणी नाही. मग सरकारनं त्या खिडक्या विटा लावून बुजवल्या. इथे आल्या की बाई थांबायच्या आणि दरवर्षी तोच प्रश्न विचारायच्या, "पहिली वीट कुणी ठेवली?"

पोरं म्हणायची, सरकारनं. सैनिकांनी. रशियानं. बाई मान हलवायच्या. "सरकार काय थापी घेऊन येतं काय? कुनीतरी मानूस होता. त्याला घर होतं, त्यानं सकाळी चहा घेतलेला. कोन तो? आनि का ठेवली?" उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं. मी एकदा म्हटलं, "बाई, परीक्षेत हा प्रश्न येणार नाही." "म्हनूनच विचारते ना," म्हणाल्या.

एका वर्षी बाईंच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्यांनी वर्गाच्या मधोमध बाकं उभी-आडवी लावून दोन भाग केले. आठवडाभर इकडच्यानं तिकडच्याशी बोलायचं नाही. इकडे पंखा, तिकडे दरवाजा. पहिल्या दिवशी सगळे खिदळत होते. दोन दिवसांत डस्टर कुणी पळवला यावरून मारामारी. शनिवारी बाई म्हणाल्या, "चला, काढा बाकं." एक पोरगा उठेल तर शपथ! पुढचा एक जण म्हणाला, "बाई, राहू द्या ना. पलीकडचे लोक चांगले नाहीत." आणि त्याचा जिवलग दोस्त पलीकडच्याच बाकावर बसलेला.

बाई स्टाफरूममध्ये आल्या आणि चहा पुढ्यात घेऊन बसून राहिल्या. "एक आठवडा, गो," म्हणाल्या. "आठवडा पन पुरता लागला न्हाय." तो खेळ त्यांनी परत कधी केला नाही.

आता बाईंच्या घराविषयी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नारपोलीत त्यांच्या लोकांच्या बैठ्या घरांची एक रांग, आणि त्या रांगेच्या पाठीला मुसलमानांचा मोहल्ला. मध्ये पूर्वी नुसता बोळ होता. पहिल्या दंगलीनंतर तिथे तार आली. दुसऱ्या दंगलीनंतर वीट आली. मग विटेवर काचा, काचांवर पुन्हा काटेरी तारेची वेटोळी, आणि आता आता एक कॅमेरा. बाईंचं घर नेमकं रेषेवर. दोन्ही बाजूंनी आलेली भिंत त्यांच्या स्वयंपाकघराला येऊन भिडायची, म्हणजे मधल्या तुकड्यापुरती त्यांची मागची भिंत हीच सरहद्द. आणि त्या भिंतीत ओट्याच्या वर एक खिडकी.

खिडकीपलीकडे जुलेखाबींचं अंगण. जुलेखाबी इथल्याच कोकणी मुसलमान, बाईंच्याच वयाच्या. खिडकीचा मधला एक गज कापलेला होता. त्याची गोष्ट बाई फार रंगवून सांगायच्या. दुसऱ्या दंगलीच्या वेळी संचारबंदी होती. जुलेखाबींचं पोर, इम्तियाज, तान्हं. आईला ताप, अंगावर दूध नाही, बाहेर दूध नाही. बाईंच्या गोठ्यात म्हैस होती, पण गजांतून तांब्या जाईना. बाईंच्या सासूनं सासऱ्यांच्या पेटीतलं लोखंड कापायचं एक्सा ब्लेड काढलं आणि गज कापायला बसली. "सासरे बोलले, अगो लोक काय बोलतील? सासू बोलली, लोकांना सांगा गंज लागून पडला." मग रोज सकाळ-संध्याकाळ तांब्या पलीकडे.

पुढे तो कापलेला गज तसाच राहिला. त्यातून सुकट गेली, सांदणं आली, शिरखुर्मा आला, पुरणपोळ्या गेल्या. बाईंची नात तन्वी तान्ही असताना तेल लावायला ती अख्खी त्यातून पलीकडे जायची. मी स्वतः पाहिलंय, पोर पलीकडे देताना दोघी अशा बोलत होत्या की बस्स, पण ऐकू येत होते ते फक्त लूम. आणि एक रीत दोघींनी पाळलेली. एकमेकींच्या घरी जायचं तर रस्त्यानं वळसा घालून जायला लागायचं, पण निघण्याआधी खिडकीत येऊन विचारायचं, "येऊ का?" समोरची म्हणायची, "ये." मगच चपला घालायच्या. मी हसले तर बाई म्हणाल्या, "दिवस कसे असतात ठाऊक हाय ना? तिच्याकडे कोन बसलंय, माज्याकडे कोन बसलंय. विचारलेलं बरं."

मग तो दगड आला. कसलीशी मिरवणूक होती, कुठेतरी बाचाबाची झाली, आणि भिंतीवरून एक दगड येऊन बाईंच्या अंगणात खेळणाऱ्या तन्वीच्या भुवईवर बसला. टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. दगड कुणी मारला ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

बाईंचा एकुलता एक मुलगा महेश वडप्याला गोदामात सुपरवायझर. मुलगा वाईट नाही हो, मी सांगते ना. माझ्या हाताखालून गेलेला, गरीब स्वभावाचा. पण रक्तानं माखलेली पोर हातात घेऊन जो बाप रिक्षामागे धावला, त्याला कुणी काय समजवायचं? वस्तीच्या मंडळानं ठरवलं, भिंत उंच करायची आणि भोईरांची खिडकी बुजवायची. महेशनं मान डोलावली. घरी येऊन म्हणाला, "आई, दगड तिकडनं आला."

"खिडकीतनं न्हाय आला," बाई म्हणाल्या.

मंडळाची माणसं गवंडी घेऊन आली तेव्हा बाई ओट्यावर चढून खिडकीत पाठ टेकून बसल्या, मांडीवर उत्तरपत्रिका. म्हणाल्या, "लावा विटा. मी तपासते, तुमी लावा." अध्यक्ष म्हणवणारा पोरगा त्यांचाच विद्यार्थी. त्याला त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, पहिली वीट तू ठेवनार? ये, तुज्या हातानं ठेव." तो चपला चाचपत निघून गेला. हे मला बाईंनी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सांगितलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. मला वाटलं, जिंकल्या बाई. काय कपाळ जिंकल्या!

त्याच आठवड्यात महेशनं सांगितलं, महिनाअखेरपर्यंत खिडकी बंद झाली नाही तर मी बायको आणि तन्वीला घेऊन कल्याणला भाड्यानं राहायला जातो, मग तू आणि तुझी खिडकी. त्यांच्या वस्तीत हळदीकुंकवाची बोलावणी बाईंना यायची बंद झालीच होती, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण तन्वी! ती पोर त्यांच्या कुशीत झोपायची. नवरा जाऊन वर्षं झाली होती, घरात दुसरं होतं कोण?

"काय करू गो?" त्यांनी मला विचारलं. "त्याचं काय चुकतंय? त्याच्या पोरीचं रगत गेलं. पन मी ती खिडकी बुजवली, तर मी आयुष्यभर पोरांना शिकवलं ते काय?" मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ द्या, निवळेल. असं बोलायला आपल्या बापाचं काय जातं!

त्या महिन्यात बाई अर्ध्या झाल्या. एक दिवस मी वर्गात आम्ल-आम्लारी शिकवत होते आणि अचानक मला माझाच आवाज ऐकू यायला लागला. शेजारचा वर्ग गप्प. जाऊन बघते तर फळ्यावर नकाशा, खडूची रेघ, आणि बाई त्या खिडक्यांपाशी येऊन थांबलेल्या. हातातला खडू तसाच. पोरं एकमेकांकडे बघत होती. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि उरलेला तास पोरांना काहीतरी चित्रं काढायला लावली.

मग एका शनिवारी सकाळी बाई आल्या आणि सही करता करता म्हणाल्या, "खिडकी बंद झाली."

मी म्हटलं, "शेवटी महेशनं..."

"महेशनं न्हाय. तिनं. पलीकडनं." आदल्या दिवशी शुक्रवार, लूमला सुट्टी, मोहल्ल्यात सगळे घरी. बाई शाळेतून परतल्या तर खिडकीत उजेड नाही. पलीकडून, जुलेखाबींच्या अंगणातून, खिडकीला भिडवून विटा रचलेल्या. सिमेंट अजून ओलं. शेजारणीनं पाहिलं होतं, थापी इम्तियाजच्या हातात होती. "ज्याच्यासाठी गज कापला, त्यानंच," बाई म्हणाल्या. "मी इथं माज्या पोराशी भांडत होते तिच्यासाठी. आनि तिनं एका शब्दानं सांगितलं न्हाय. खिडकीत येऊन सांगायचं तरी!"

मी म्हटलं, रस्त्यानं जा ना, जाऊन भांडा चांगलं कडाकडा. बाई म्हणाल्या, "न विचारता? कधी गेले न्हाय. आनि आता विचारू कुठनं?"

महेश राहिला. तन्वी राहिली. घर शांत झालं. बाईंनी खिडकीची लाकडी दारं आतून लावून घेतली आणि समोर डब्यांची मांडणी उभी केली. बर्लिनची भिंत त्या वर्षापासून पुस्तकात होती तेवढ्या दोन ओळींत संपायची. आणि आवाज! मी ज्याच्यावरून भांडायचे तो आवाज गेला. निरोप समारंभात बाई इतक्या हळू बोलल्या की मागच्या रांगेतली पोरं कानामागे हात धरून बसली होती. मला तिथेच रडू आलं, आणि लोकांना वाटलं बाई निवृत्त होतात म्हणून.

पुढे काही वर्षांनी मतदारयादीच्या कामाला मला नेमका तोच मोहल्ला आला. दारोदार फिरता फिरता एका अंगणात शिरले आणि ओळखलं. समोरची भिंत सगळी चुन्यानं पांढरी, मध्ये फक्त खिडकीएवढ्या विटा उघड्या. ना गिलावा, ना रंग. एक म्हातारी बाजेवर बसून लसूण सोलत होती. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमी सुमनच्या शाळेतल्या ना? तिच्या ओट्यापाशी चहा पीत उभ्या असायच्या."

मी खरं तर तोंडसुख घ्यायच्या तयारीत होते. माझा स्वभाव काही झाकलेला नाही. म्हटलं, "जुलेखाबी, तुम्ही असं का केलंत?"

त्यांनी लसणाचं ताट बाजूला ठेवलं. "लूम चालू होते," म्हणाल्या. "मी इथं भांडी घासत होती. तिकडं माय-लेक भांडत होते. त्यांना वाटलं, या आवाजात कोन ऐकतंय? ऐकू कुठं येतं, बाई. पन दिसतं ना. महेश बोलला, तन्वीला घेऊन जातो. सुमन बोलली, जा. तो गेला, आनि ती ओट्यावर डोकं टेकून बसली. अशी रडताना मी तिला तिचा नवरा गेला तवा पन बघितली नव्हती."

मी बाजेच्या कडेला टेकले.

"माझे चार मुलगे हायत. तिचा एकच. तिनं खिडकी बंद केली नसती, मरेपर्यंत केली नसती. मग कुनी करायची?"

"इम्तियाजनं..."

"इम्तियाज नाय बोलला. रडला. अम्मी, इसी खिडकी से दूध पिया मैंने, बोलला. मी बोलली, म्हनूनच. तो हात लावीना, तर पहिली वीट मी ठेवली." आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. "गिलावा मात्र करू दिला नाय."

"पण त्यांना सांगायचंत तरी!"

"सांगितलं असतं तर तिनं करू दिली असती?"

यादीबिदी पिशवीत कोंबली, बाहेर रिक्षा पकडली आणि वळसा घालून नारपोलीच्या त्या बाजूला गेले. सगळ्या वाटेवर मी रडत होते आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. "मॅडम, घर में सब ठीक?" मी म्हटलं, "हां, सब ठीक. आप यहीं रुकना."

बाई ओट्यापाशी खाली बसून सुकट निवडत होत्या. पाठीमागे लूम धडधडत होते. मी चप्पलसुद्धा न काढता म्हटलं, "बाई, पहिली वीट जुलेखाबींनी ठेवली. स्वतःच्या हातानं."

"ठेवू दे," बाई मान वर न करता म्हणाल्या.

"का ठेवली ते ऐका." आणि मी सगळं सांगितलं. ओट्यावर डोकं टेकून बसल्या होत्या तेही. सांगताना त्यांचे हात थांबले. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "तवा ती कुठं बसलेली?"

"भांडी घासत होत्या."

"नळाजवळ," बाई म्हणाल्या. "तिथनं सगळं दिसतं." आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. "येडी," म्हणाल्या. "येडी बाय. आनि मी तिला इतकी वर्सं शिव्या घातल्या गो."

त्यानंतर लवकरच मी भिवंडी सोडून कल्याणला राहायला गेले, आणि बाई गेल्याचं मला फोनवर कळलं. म्हणून माझ्या डोळ्यांपुढे त्या राहिल्यात त्या त्याच दुपारच्या. मी म्हटलं, "बाई, रिक्षा उभी आहे बाहेर. चला आत्ताच्या आत्ता." बाई उठल्या. हात धुतले. वेणी-अंबाडा सारखा केला. पण दाराकडे आल्या नाहीत. म्हणाल्या, "थांब. आधी तिला विचारते."

त्यांनी मांडणीवरचे डबे एकेक करून खाली ठेवले, मांडणी बाजूला ओढली, आणि खिडकीची दारं उघडली. फुगलेली होती, करकरली. आत विटा, विटांच्या फटींतून बाहेर आलेलं सिमेंट, गंजलेले गज, मधला कापलेला. बाई त्या विटांसमोर उभ्या राहिल्या. माझ्याकडे त्यांची पाठ होती, मला नुसती जबड्याची हालचाल दिसत होती आणि हात दिसत होते. एक हात छातीशी गेला, मग पलीकडे, मग परत आपल्याकडे. लांबलचक काहीतरी बोलत होत्या. आवाज नाही. मग थांबल्या, मान थोडी कलती करून विटांकडे बघत उभ्या राहिल्या, समोरच्याला बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

बाई वळल्या. पायात चपला सरकवल्या आणि इतक्या वर्षांनी त्यांच्या त्या जुन्या, दोन वर्ग दणाणून सोडणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "चल गो. ये म्हनते."